खर्जाची पेटी : तिची जागा आणि तिची जुळवणी

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरीं एक नवी पेटी आली. ती काळी, चौकोनी व सुमारें सव्वा फूट उंचीची असून तिच्या पोटांत दहा इंची ध्वनिक्षेपक आणि त्यास चालविणारा विजेचा ध्वनिवर्धक बसविलेला होता. बाजारांत तिला सबवूफर म्हणतात. चित्रपट पाहण्याच्या पडद्याभोंवतीं पांच लहान ध्वनिक्षेपक आमच्याकडे आधींपासूनच होते. त्यांस ही सहावी पेटी येऊन मिळाली, तेव्हां आतां घरच्या घरीं चित्रपटगृह झालें, अशा समजुतीनें आम्ही दोघे भाऊ मोठ्या आनंदांत होतों. कोणाच्या पायांत येणार नाहीं अशा एका कोपऱ्यांत आम्हीं ती ठेवली, तिच्या पाठीवरील आवाजाची कळ बरीच वर फिरविली आणि चित्रपट लावला.

परिणाम असा झाला कीं, पडद्यावर मेघ गर्जला तेव्हां कपाटाच्या कांचा खडखडल्या; मोटार सुरू झाली तेव्हांही त्या खडखडल्या; आणि एक पात्र नुसतें जिना उतरूं लागलें तरीही खडखडल्या. मेघ, मोटार आणि जिना यांचा आवाज एकच. आई म्हणाली, "अरे, ती बाई काय बोलली तें मला कांहींच कळलें नाहीं." तिसऱ्या दिवशीं खालच्या मजल्यावरील आजी काठी टेकीत वर आल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "बाळांनो, तुमचा सिनेमा मला दिसत नाहीं, पण माझ्या पलंगाला तो रोज कळतो," एवढेंच त्या म्हणाल्या. त्यांचें हृदयाचें दुखणें आम्हांस ठाऊक होतें. त्या गेल्यावर बाबांनीं निर्णय दिला कीं, येत्या रविवारपर्यंत हें नीट झालें तर ठीक. नाहीं तर पेटी जेथून आणली तेथें परत जाईल. तिचें रिकामें खोकें त्यांनीं दाराशींच ठेवविलें.

त्या आठवड्यांत आम्ही जें शिकलों तें येथें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे. आमच्या शाळासोबत्यांपैकीं कित्येकांच्या घरीं अशी पेटी असेल, कित्येकांच्या घरीं ती पुढेंमागें येईल. त्यांस व त्यांच्या वडीलमंडळींस आमच्या चुकांचा उपयोग व्हावा, हा हेतु. सर्वांचें सार इतकेंच कीं, खर्जाच्या पेटीची अर्धी जुळवणी तिच्या जागेंत आहे. कळांचें काम त्यानंतरचें.

१. खर्ज म्हणजे काय?

ध्वनि म्हणजे हवेंतील कंप. दर सेकंदास किती कंप होतात तें हर्ट्झ या मापानें सांगतात. मनुष्याच्या कानास साधारणतः २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनि ऐकूं येतात. तबल्याची जोडी डोळ्यांपुढें आणा. उजव्या हाताखालचा तबला उंच स्वरांत बोलतो आणि डाव्या हाताखालचा डग्गा घुमतो. हा घुमारा खर्जाच्या बाजूचा. सबवूफरचें मुख्य काम त्याच बाजूच्या अगदीं तळाशीं, म्हणजे २० ते ८० हर्ट्झ, फार तर १२० हर्ट्झपर्यंत चालतें.

लहान ध्वनिक्षेपकास हें काम कां झेपत नाहीं? स्वर जितका खालचा तितकी अधिक हवा हलवावी लागते, हें त्याचें कारण होय. ४० हर्ट्झचा स्वर ज्या जोरानें निघतो त्याच जोरानें २० हर्ट्झचा स्वर काढावयाचा असेल, तर ध्वनिक्षेपकाच्या शंकूस चौपट अंतर पुढेंमागें सरकावें लागतें. म्हणून या कामास मोठा शंकु, भक्कम पेटी आणि तिचा स्वतंत्र ध्वनिवर्धक लागतो.

चित्रपटाशीं खर्जाचा हा संबंध जुना आहे. १९७४ सालीं 'अर्थक्वेक' या अमेरिकन चित्रपटांतील भूकंप प्रेक्षकांस अंगावर जाणवावा म्हणून कांहीं चित्रपटगृहांत खर्जाचे प्रचंड कर्णे मुद्दाम बसविण्यांत आले होते. त्या योजनेस सेन्सराउंड असें नांव होतें. पुढें १९९२ सालीं डॉल्बी डिजिटल ही पद्धति चित्रपटगृहांत आली. तींत पांच मार्ग पूर्ण ध्वनीचे असून सहावा केवळ खर्जाचा, १२० हर्ट्झपर्यंतचा, राखून ठेवलेला असतो. यंत्राच्या खोक्यावर ५.१ असें छापलेलें आपण पाहतों, त्यांतील टिंबापुढचा एक तो हाच.

२. खोलीही गात असते

आमचा सारा राग प्रथम पेटीवर होता. ती सदोष असावी, असेंच आम्ही धरून चाललों होतों. सोमवारीं शाळेंत शास्त्राच्या सरांस ही हकीकत सांगितली, तेव्हां त्यांनीं एकच प्रश्न केला : "खोलीची लांबी किती?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. घरीं येऊन टेपेनें मोजली, तों लांबी १४ फूट, रुंदी ११ फूट व उंची साडेनऊ फूट भरली.

आतां हिशेब पाहा. ध्वनि हवेंतून सेकंदास सुमारें ३४३ मीटर, म्हणजे अदमासें ११२५ फूट जातो. या आंकड्यास कंपसंख्येनें भागलें कीं एका लाटेची लांबी निघते. १००० हर्ट्झच्या स्वराची लाट फुटाहून थोडी अधिक भरते. परंतु ८० हर्ट्झची लाट १४ फूट, ४० हर्ट्झची २८ फूट आणि २० हर्ट्झची तर ५६ फूट लांब असते. म्हणजे ४० हर्ट्झची लाट आमच्या खोलीच्या बरोबर दुप्पट झाली. अशी लाट समोरच्या भिंतीवर आदळून परत फिरते. जाणारी व येणारी लाट एकमेकींत मिसळतात आणि खोलींत जणूं एकाच जागीं उभी राहिलेली लाट तयार होते. तिच्यामुळें भिंतींशीं हवेचा दाब जोरानें चढतो व उतरतो, आणि खोलीच्या नेमक्या मध्यावर तो जवळजवळ हालतच नाहीं.

ख्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञानें १७८७ सालीं प्रसिद्ध केलेले प्रयोग यासारखेच आहेत. पत्र्यावर वाळू पसरून त्याच्या कडेवर वायोलिनचा गज ओढला, कीं कांहीं जागांवरून वाळू उडून जाते व जेथें पत्रा कांपत नाहीं अशा रेघांवर ती गोळा होते. आमच्या खोलींत वाळू नव्हती, पण कान होते. सरांच्या सांगण्यावरून आम्हीं मोबाइलवरून ४० हर्ट्झचा एकसारखा स्वर हळू आवाजांत लावला आणि एक जण खोलीच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत सावकाश चालत गेला. भिंतीशीं घुमारा, मध्यें येतांच जवळजवळ शांतता, आणि पुढच्या भिंतीशीं पुनः घुमारा! आम्हांस हें खरें वाटेना. म्हणून दुसऱ्यानें चालून पाहिलें. त्यासही तोच अनुभव आला. चार पावलांच्या अंतरानें स्वर नाहींसा होतो व परत येतो, हें ज्यानें स्वतः ऐकलें त्यास हा धडा पुनः वाचावा लागत नाहीं.

आपापल्या खोलीचे असे स्वर काढण्याची रीत सोपी आहे. खोलीची लांबी फुटांत घ्यावी, तिची दुप्पट करावी आणि ११२५ ला त्या संख्येनें भागावें. आमच्या खोलीचे तीन मुख्य स्वर लांबीवरून ४०, रुंदीवरून ५१ व उंचीवरून ५९ हर्ट्झ असे आले. आतां आमची चूक ध्यानांत येईल. कोपरा म्हणजे दोन भिंती व जमीन यांचा संगम. तेथें ठेवलेली पेटी हे तिन्ही स्वर पूर्ण जोरानें चेतविते. त्यांत आमचा कोच समोरच्या भिंतीस टेंकलेला, म्हणजे लांबीचा स्वर जेथें सर्वांत मोठा तेथेंच आम्ही बसलेलों! चित्रपटांत मेघ असो कीं मोटार असो, खोली आपलाच एक स्वर गात होती. मोठा खर्ज त्याच्या वरच्या स्वरांस झांकून टाकतो. म्हणून आईस संवाद कळेनासे झाले होते.

३. जागा कशी शोधावी?

प्रथम बसण्याची जागा सुधारावी. कोच मागच्या भिंतीस चिकटवूं नये आणि खोलीच्या अगदीं मध्यावरही आणूं नये. आम्हीं तो भिंतीपासून तीन फूट पुढें ओढला. एवढ्यानेंच घुमारा स्पष्ट कमी झाला, आणि त्यास एक पैही खर्च पडला नाहीं.

नंतर पेटीची जागा. येथें एक गंमतीची परंतु खरी युक्ति आहे. पेटी जेथें ठेवावयाची आहे तेथें न ठेवतां, आपण जेथें बसतों तेथें, कोचावरच ठेवावी. मग ज्यांत खर्जाचे निरनिराळे स्वर क्रमानें येतात असें एखादें वाद्यसंगीत लावावें आणि आपण भिंतींच्या कडेकडेनें रांगत जावें. कान पेटीच्या उंचीवर आणावेत. जेथें सर्व स्वर सारख्याच वजनानें ऐकूं येतील, एकही उड्या मारणार नाहीं व एकही गडप होणार नाहीं, ती जागा खडूनें आंखून ठेवावी. मग पेटी त्या जागीं व आपण कोचावर, अशी अदलाबदल करावी. ध्वनीची वाट उलटसुलट सारखीच असल्यामुळें, जें तेथें ऐकिलें तेंच आतां येथें ऐकूं येतें. आमच्या खोलींत अशी जागा डाव्या भिंतीशीं, पडद्याच्या भिंतीपासून चार फुटांवर सांपडली. आम्हांस रांगतांना पाहून बाबांस हंसूं आवरेना. परंतु पेटी नव्या जागीं ठेवून तोच चित्रपट लावला, तेव्हां ते हंसावयाचे थांबले व ऐकूं लागले.

पेटी पडद्याजवळ नसली तर आवाज भलतीकडून येईल, अशी शंका कोणी घेईल. तसें होत नाहीं. सुमारें ८० हर्ट्झच्या खालचा स्वर कोणत्या दिशेनें आला हें बंद खोलींत कानास सहसा ओळखतां येत नाहीं. मात्र पेटीजवळचें एखादें भांडें अथवा तसबीर खडखडूं लागली, तर तो उंच आवाज तत्काळ दिशा सांगतो. म्हणून अशा वस्तु आधीं दूर कराव्या.

मोठ्या दिवाणखान्यांत पुष्कळ माणसें बसणार असतील, तर एका मोठ्या पेटीपेक्षां दोन मध्यम पेट्या समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवणें हितकर असतें. टॉड वेल्टी या ध्वनितज्ज्ञानें २००२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दाखविलें आहे कीं, त्यायोगें निरनिराळ्या आसनांवरील खर्जांतील फरक पुष्कळ कमी होतो.

४. कळा आणि त्यांचें काम

जागा ठरली म्हणजे मगच कळांस हात लावावा. पहिली गोष्ट कामाची वांटणी. मुख्य यंत्र, ज्यास रिसीव्हर म्हणतात, त्याच्या यादींत लहान ध्वनिक्षेपकांपुढें 'स्मॉल' असें निवडावें आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवावा. याचा अर्थ असा कीं, ८० च्या वरचें काम लहानांनीं करावें व खालचें मोठ्या पेटीनें. पेटीच्या पाठीवरही क्रॉसओव्हरची एक कळ असते. वांटणी एकदां रिसीव्हरनें केल्यावर ती पेटीनें पुनः करूं नये. म्हणून ही कळ अगदीं वरच्या आंकड्यावर, अथवा एलएफई असें लिहिलेलें असल्यास तेथें ठेवावी. आम्हीं ती आरंभीं ५० वर ठेविली होती, त्यामुळें ५० ते ८० मधील स्वर कोणाच्याच वांट्यास येत नव्हते.

दुसरी कळ फेजची. तिच्यावर शून्य व १८० असे दोन आंकडे असतात. एका झोपाळ्यास दोन मुलगे झोका देत आहेत अशी कल्पना करा. दोघांनीं एकाच क्षणीं ढकललें तर झोका वाढतो; एकानें ढकललें व दुसऱ्यानें त्याच क्षणीं ओढलें तर तो मरतो. सबवूफर आणि लहान ध्वनिक्षेपक यांची ८० हर्ट्झच्या आसपास हीच स्थिति असते. तेथला स्वर लावून एकानें कोचावर बसावें, दुसऱ्यानें कळ इकडून तिकडे करावी, आणि जेथें आवाज अधिक भरदार येईल तेथें ती सोडावी.

तिसरी गोष्ट अंतराची. प्रत्येक ध्वनिक्षेपक आपणांपासून किती फुटांवर आहे, तें टेपेनें मोजून यंत्रास सांगावें लागतें. ध्वनीस एक फूट जावयास सेकंदाच्या हजाराव्या भागाहून किंचित् कमी वेळ लागतो. हें अंतर कळलें म्हणजे सर्वांचे आवाज एकाच क्षणीं पोंचतील अशी व्यवस्था यंत्र करतें. पुष्कळ यंत्रांबरोबर एक लहान मायक्रोफोन येतो व त्यावरून तें हीं मापें आपण होऊन घेतें. त्या वेळीं मायक्रोफोन बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावा, पंखा बंद करावा व कोणीं बोलूं नये. परंतु यंत्रानें ठरविलेले आंकडे एकदां स्वतः तपासावे. वाईट जागीं ठेवलेल्या पेटीचा दोष यंत्र झांकूं पाहतें; तो नाहींसा करणें त्याच्या हातीं नसतें.

५. आवाज किती ठेवावा?

या ठिकाणीं आमच्यासारखे उतावळे हटकून फसतात. पेटीची आवाजाची कळ निम्म्यावर ठेवावी, यंत्रांतील परीक्षणाचा आवाज लावावा आणि आसनावरून मोजतां प्रत्येक ध्वनिक्षेपकाचा आंकडा सारखा, बहुधा ७५ डेसिबल, येईल असें करावें. मोबाइलवरील मापक खर्ज बहुधा कमी दाखवितात. त्यांवर सर्वस्वीं विसंबून पेटी वाढवीत जाऊं नये.

कानाचा स्वभावही जाणून घेतला पाहिजे. फ्लेचर व मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालींच दाखवून दिलें कीं, आपला कान सर्व स्वरांस सारखी दाद देत नाहीं. ४० हर्ट्झचा स्वर नुसता कानीं पडावयास १००० हर्ट्झच्या स्वरापेक्षां सुमारें ५० डेसिबल अधिक पातळी लागते. म्हणून लहान आवाजांत चित्रपट लावला कीं खर्ज हरवल्यासारखा वाटतो व कळ फिरविण्याचा मोह होतो.

योग्य जुळवणीची एक सोपी खूण आम्हांस सांपडली. पेटी चालू असतां ती खोलींत आहे हें आठवूंही नये; ती बंद करतांच मात्र पडद्यावरील आकाश लहान झाल्यासारखें वाटावें. डग्ग्याची साथ करणारा चांगला वादक गायकास झांकीत नाहीं, तसेंच हें आहे.

६. एक सावधगिरीची सूचना

चित्रपट बंद असतांही पेटींतून मंद गुणगुण येत असेल, तर ती बहुधा आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेची असते. दोन यंत्रें दोन निरनिराळ्या ठिकाणच्या विजेस जोडलीं म्हणजे असें कधीं कधीं होतें. दोन्ही एकाच पाटीवरील सॉकेटांस जोडून पाहावीं. गुणगुण घालविण्याकरितां प्लगाची तिसरी, जाड पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी देतात. तो कदापि मानूं नये. ती पिन जीव वांचविण्याकरितां असते. लहान मुलांनीं विजेच्या जोडणीस वडीलमाणसांवांचून हात लावूं नये.

७. भिंतीपलीकडचे कान

एवढें झाल्यावर आमची खोली सुधारली. परंतु आमचें खरें काम खालच्या मजल्यावर होतें. उंच स्वर भिंत अडविते, खर्ज मात्र भिंतींतून व छतांतून सहज पलीकडे जातो. पेटीखालीं जाड रबराचा थर घातल्यानें जमिनीस होणारा प्रत्यक्ष कंप थोडा कमी होतो. हवेंतून जाणारा आवाज त्यानें थांबत नाहीं. आपल्या देशांतील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाकरितां दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा असून, रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंतचा काळ रात्र धरला आहे. परंतु हें माप कानाच्या कलानें घेतात, त्यामुळें खर्ज त्यांत कमीच धरला जातो. तेव्हां केवळ आंकडा पाळला म्हणजे शेजाऱ्याची झोंप राखली, असें होत नाहीं.

शनिवारीं दुपारीं आजींची परवानगी घेऊन एक भाऊ त्यांच्या खोलींत जाऊन बसला व दुसऱ्यानें वर चित्रपट लावला. पूर्वीचा थरकांप नव्हता. "आतां कांहीं नाहीं," असें तो म्हणणार इतक्यांत आजी म्हणाल्या, "इकडे, भिंतीपाशीं ये." पलंग भिंतीस लागून होता, आणि तेथें अजूनही एक बारीक घुमारा होता. भिंतीजवळ खर्ज चढतो, हें आम्ही चार दिवस घोकीत होतों. पण तो नियम आजींच्या भिंतीसही लागू आहे, हें आमच्या ध्यानीं आलें नव्हतें. वर येऊन आम्हीं पेटीचा आवाज आणखी तीन डेसिबल उतरविला, आणि रात्रीं नऊनंतर पेटी बंद ठेवण्याचा नियम केला. त्या वेळीं यंत्रांतील रात्रीची सोय वापरावी. ती मोठे आवाज दाबून लहान आवाज उचलते, व त्यामुळें संवाद नीट कळतात. खालीं जाऊन पुनः विचारलें, तेव्हां आजींनीं मान हलविली व आम्हांस बसवून चहा दिला.

रविवारीं सर्वांनीं मिळून चित्रपट पाहिला. आईनें एकदांही "काय म्हणाली?" असें विचारलें नाहीं. चित्रपट संपल्यावर बाबा उठले आणि दाराशीं आठ दिवस ठेवलेलें तें रिकामें खोकें माळ्यावर टाकावयास त्यांनीं आम्हांस सांगितलें.

मित्रहो, तुमच्या घरीं अशी पेटी असेल तर प्रथम टेप घ्या, खोली मोजा, कोच हलवा, मग पेटी हलवा, आणि कळांस सर्वांत शेवटीं हात लावा. आणि जुळवणी पुरी झाली असें वाटेल त्या दिवशीं एकदां जिना उतरून खालच्या घरांत जाऊन विचारा.